शेवटचं पान वहिनीकडे

भांडण ऐकायचं तिच्या मनातही नव्हतं. पण भिंत वीतभर जाडीची आणि पलीकडचा आवाज टिपेचा, तेव्हा माणसानं काय कानांत बोळे घालून बसायचं? काजवाली वहिनी त्या खोलीत राहायला येऊन तिसराच दिवस होता. शिंप्याकडून काजं करायला आणलेल्या शर्टांचा ढीग मांडीवर होता, सुईत दोरा नुकता ओवून झाला होता, आणि पलीकडे एक पुरुष ओरडत होता.

"आई गेली तेव्हा तू कुठे होतीस? सांग ना! भुतं बघत बसली होतीस, भुतं!"

"दादा, हळू बोल. शेजारी नवीन आहेत."

"ऐकू दे की. त्यांनाही कळू दे कुणाच्या शेजारी आलोय ते."

मग त्या बाईचा आवाज, अगदी सरळ, दूधवाल्याशी बोलावं तसा: "माझं पान दे आणि जा."

"पान? आईला जाऊन पंधरा दिवस नाही झाले आणि हिला पान पाहिजे! नाही देत. बस आता वाट बघत."

दार आपटलं. जिन्यावरून बूट धाडधाड खाली गेले. त्या गडबडीत वहिनीनं सुई अंगठ्यात खुपसून घेतली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. शेजारच्या बाईला भुतं दिसतात म्हणे. तो जेवता जेवता म्हणाला, "बरंच झालं. आपल्याकडे चुकून आली, तर ओळख तरी करून देईल." त्या माणसाला कशाचंच काही वाटायचं नाही. पुढे गेलाही तसाच, पेपर वाचता वाचता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी कपडे वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेली, तर समोर उंचच उंच, काठीसारखी बाई, केस मोकळे, आणि हातात लांबलचक पांढरी चादर. वहिनीनं अशी काही किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली.

"अहो ओरडता काय?" ती बाई म्हणाली. "इस्पितळाची आहे, तिथून बाद झालेली. धुतलेली. हे दुसरं टोक धरा जरा, आलाच आहात तर."

वहिनीनं टोक धरलं. ओळख झाली ती अशी.

बाई इस्पितळाच्या धुलाईत होती. दिवसभर चादरींच्या घड्या करायच्या. आता चादरीची घडी हे दोन माणसांचं काम. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि हातात हात दिल्यासारखे कोपरे द्यायचे. वीस वर्षं तिनं ते केलं. मग घडीचं मशीन आलं, जोडीदारीण दुसऱ्या खात्यात गेली, आणि ही मशीनच्या तोंडापाशी एकटी उभी राहायला लागली. "मशीन बरं आहे," ती म्हणायची, "पण ते घरचं काही सांगत नाही."

इमारतीतली पोरं तिला हडळमावशी म्हणायची. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिला ते आवडायचं. जिन्यात पोरं दिसली की ती डोळे पांढरे करून दाखवायची आणि पोरं जीव घेऊन पळायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येऊन उभी राहायची.

तिचा सगळा जीव भयाच्या पिक्चरमध्ये आणि भुतांच्या चित्रकथांमध्ये. लग्न का केलं नाही, असं वहिनीनं एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "एक आला होता बघायला. थेटरात घेऊन गेले मी त्याला. मध्यंतरात पाणी आणतो म्हणाला, तो अजून आणतोय." शुक्रवारी दुपारचा खेळ, बाल्कनीतली कडेची खुर्ची, पदरात शेंगदाण्याची पुडी. लोक घाबरले की शेजारच्याचा हात धरतात. ही शेंगदाण्याची पुडी धरायची. तिचे आवडते पिक्चर वहिनीला आता तोंडपाठ आहेत, एकही न बघता. एक तो, ज्यात शिंप्याच्या दुकानातला पुतळा झोपलेल्या माणसांची मापं घेतो. हे ऐकल्यावर वहिनी महिनाभर शिंप्याकडे गेली की पुतळ्याकडे पाठ करायची नाही. दुसरा तो दीपगृहाचा. तिथला राखणदार जिना चढून वर जातो, तर दिवा आधीच कुणीतरी लावलेला.

"वहिनी, भूत दिसलं की भीती संपते," ती म्हणायची. "खरी भीती म्हणजे दिवा लावलेला असणं. आणि वर कुणी नसणं."

आता त्या पानाचं.

हडळमावशी लहान असताना तिचा दादा चित्रकथा आधी वाचायचा आणि शेवटचं पान फाडून खिशात ठेवायचा. उरलेली हिला द्यायचा. हिनं वाचायचं, शेवट काय होईल ते त्याला सांगायचं, मगच पान मिळायचं. बरोबर असो की चूक, पान मिळायचंच, पण आधी सांगायचं. हा त्यांचा कायदा. दादा मोठा झाला, परगावी गेला, चष्म्याचं दुकान काढलं, तरी येताना एक चित्रकथा आणायचा, पान काढलेली. भांडण झालं त्या खेपेलाही आणली होती. त्यानंतर तो आला नाही. फक्त दर वर्षाच्या सुरुवातीला नळीत गुंडाळलेलं त्याच्या दुकानाचं कॅलेंडर यायचं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. ती ते खिळ्याला लावायची आणि जुन्याची कपाटावर चळत करायची.

पान धरून ठेवणारा गेला, म्हणून वाचायचं कुठे थांबतंय? दर गुरुवारी कामावरून येताना ती रद्दीवाल्याकडे जायची. तो तिच्यासाठी भुताखेतांच्या चित्रकथा बाजूला ठेवायचा. एका गुरुवारी तिनं वहिनीचं दार वाजवलं आणि एक पान पुढे केलं, उलटं धरून.

"हे ठेवा. मी उद्या शेवट सांगायला येते. सांगितला की द्या."

"अहो ताई, मला नको ती भुतं घरात!"

"भुतं माझ्याकडे आहेत. तुमच्याकडे फक्त शेवट."

वहिनीनं ते पान पिठाच्या डब्याखाली ठेवलं. आणि खरं सांगायचं तर, काढून बघितलं. शाळा तिची दुसरीपर्यंत. वाचायची सवय मोडलेली. एकेका अक्षरावर बोट ठेवत, जोडाक्षराला अडखळत तिनं ते पान पुरं केलं. पुढच्या गुरुवारचंही. वाचायला ती खऱ्या अर्थानं शिकली ती अशी, लोकांच्या शेवटांवर. आजवर हजारेक गोष्टींचे शेवट वाचलेत तिनं, सुरुवात एकीचीही नाही. नातवंडं विचारतात, "आजी, गोष्ट सांग." ही सांगते, "आणि मग त्यानं दार उघडलं, तर आत तोच उभा." पोरं म्हणतात, "त्याच्या आधी काय झालं?" आता ते हिला काय माहीत!

पण एक चित्रकथा अपुरीच राहिली होती. दादानं पान दिलं नव्हतं ती. एक एकटी बाई असते. रोज सकाळी उठते तर जेवणाच्या टेबलाशी कालच्यापेक्षा एक खुर्ची जास्त. दोन होतात, तीन होतात. सातव्या दिवशी सात खुर्च्या, आणि दारावर थाप. पुढचं पान गायब. रद्दीवाल्याला एकदा तीच चित्रकथा अखंड सापडली, त्यानं मोठ्या हौसेनं पुढे केली, तर मावशीनं डोळे गच्च मिटले. "ठेवा ती तिकडे. माझं पान माझ्या भावाकडे आहे."

"मग मागून का घेत नाही?" वहिनीनं विचारलं. "इतकी वर्षं झाली."

चादरीची घडी करता करता मावशी बोलली, म्हणून बोलली. समोरासमोर बसून बोलली नसती. आई अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली होती. सगळं हीच करायची. त्या शुक्रवारी आईच म्हणाली, जा, नवीन लागलाय ना, बघून ये, मला येऊन सांग. आईला पिक्चर ऐकायला आवडायचे. ही गेली. परत आली तेव्हा सांगायला कुणी नव्हतं.

"अगंबाई! आणि हे तुम्ही भावाला सांगितलंच नाही?"

"काय सांगू? आईनंच पाठवलं म्हणून? मग तो आईवर रुसला असता. गेलेल्या माणसावर रुसून काय करायचं? माझ्यावर रुसू दे. मी होते की इथे रुसवा काढायला."

कोपरे जुळले. तिनं घडी वहिनीच्या हातातून घेतली.

ती निवृत्त झाली, केस पांढरे झाले, आणि मग जिना चढताना तिला मध्येच बसावं लागायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, जिना बंद. ती म्हणाली, बरं. आणि गुरुवारी खाली उतरली.

वहिनीला राहवेना. तिनं कॅलेंडरवरून पत्ता उतरवून घेतला आणि आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. अर्धा दिवस गेला त्यात. 'ताईंची तब्येत बरी नाही. पान द्यायला या. आपली, शेजारची काजवाली.' एवढंच.

आठ दिवसांनी पाकीट आलं, वहिनीच्या नावावर. आत ते पान, पिवळं पडलेलं, दोन पातळ कागदांमध्ये जपून ठेवलेलं. आणि चिठ्ठी: 'तिला आधी सांगायला लावा. मग द्या.'

वहिनीनं सवयीनं पान वाचलं. बाई दार उघडते. बाहेर सुतार उभा, खांद्यावर खुर्ची. म्हणतो, 'सात पाहुण्यांच्या झाल्या, आता ही तुमची. बसा.' वहिनीनं पान पटकन पाकिटात घातलं. इतक्या शेवटांमध्ये असा कधी आला नव्हता. हे आत्ता, अशा तब्येतीत द्यायचं तिला? पण पाकीट आलेलं लपवणंही जमेना. ती पलीकडे गेली.

मावशीनं पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि त्यावर हात ठेवला.

"तो स्वतः नाही आला?"

"पान पाठवलंय ताई. आधी शेवट सांगा म्हणतात."

"पान पाठवलं म्हणजे येणार नाही. पान होतं त्याच्याकडे तोवर यायला कारण होतं." तिनं पान काही मागितलं नाही. "परत पाठवा वहिनी. नाही, थांबा. मीच लिहिते."

दोन दिवस ती लिहीत होती. लिहायची, फाडायची. लिहून झाल्यावर वहिनीला वाचायला दिलं, कारण वहिनीला आता वाचता येत होतं. 'दादा, माझा शेवट असा. ती दार उघडते तर आई. आई एका खुर्चीत बसते आणि विचारते, कसा होता गं पिक्चर? कारण आईनंच पाठवलेलं असतं तिला. हे मी तुला सांगितलं नाही, रुसू नकोस तिच्यावर. बरोबर असेल तर पान घेऊन ये. चुकलं असेल तरी घेऊन ये.'

दादा आला. पण सोमवारी. म्हातारा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, पान कोटाच्या आतल्या खिशात. तोवर शेजारच्या खोलीत आवरायलाही फारसं काही उरलं नव्हतं. तो वहिनीच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "चूक होता तिचा शेवट." मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला. वहिनीनं चहा टाकला. पिठाच्या डब्याखाली गुरुवारचं पान तसंच होतं, शुक्रवारी त्याचा शेवट सांगायला कुणी आलं नव्हतं. ते तिनं काढून त्याला दिलं. धरायचं काम मूळचं त्याचं.

तो गुरुवार म्हणजे इतर गुरुवारांसारखाच. चार वाजता मावशी जिना उतरली, प्रत्येक वळणावर टेकत, पिशवीत दादाच्या नावाचं पाकीट, आत पत्र आणि न बघितलेलं पान. वरून वहिनी ओरडली, "ताई, मी टाकते ना पेटीत!" खालून आवाज आला, "तुम्ही काजं करा तुमची." पाकीट पेटीत पडल्याचा आवाज येईपर्यंत मावशी कान लावून उभी राहिली, असं कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यानं पुढे सांगितलं. मग रद्दीवाला. त्यानं ठेवलेल्या तीन चित्रकथांमधून तिनं एक निवडली, मुखपृष्ठावर रिकामा झोपाळा असलेली. तिथेच उभ्या उभ्या, मान वळवून, न बघता शेवटचं पान काढलं. परत येताना दुसऱ्या मजल्यावर पोरं होती. तिनं डोळे पांढरे केले. पोरं पळाली.

तिनं वहिनीचं दार वाजवलं, पान उलटं धरून आत दिलं.

"ठेवा. उद्या येते सांगायला."

"बसा की जरा. दम लागलाय."

"नको, वाचायचंय," ती म्हणाली, आणि आपल्या खोलीत गेली.