बार्ली खाणारी हरणी

गोठ्यात शेण आणि किस्से रोजच्या रोज साचतात. शेण निदान उचलून टाकता येतं! आमचा गोठा पाथर्डी फाट्याच्या पुढे, रतीब सगळा इंदिरानगरात. गाईंना आम्ही बार्ली घालतो, म्हणजे बिअरच्या कारखान्यातून निघणारा धान्याचा ओला चोथा. बिअर बनते नंतर, चोथा आधीच बाजूला काढतात. त्यात दारूचा थेंब नसतो. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय.

परवा नाक्यावर पोलिसाने आमच्या ह्यांची बार्लीने भरलेली पिकअप अडवली. "लय वास मारतोय, फुंका!" ह्यांनी फुंकलं. मशीन गप्प. पुन्हा फुंकायला लावलं, तरी गप्प. तिसऱ्यांदा मात्र हे भडकले, "सायेब, सुपारी खात नाय मी. आता मागच्या बार्लीलाच फुंकायला लावा!"

लग्नाकार्यात तर ठरलेलं. "वहिनी, गाईंना चखणा काय देता?" प्रत्येकाला वाटतं, हा विनोद आपणच शोधला. आणि वास येत असतो विचारणाऱ्याच्याच तोंडाला!

एकदा गाडीवाल्याने बुरशी धरलेली बार्ली आणून ओतली. मी सगळी परत भरायला लावली. तर म्हणतो, "ताई, जनावरंच तर खाणार!" असा संताप आला! म्हटलं, "मग तू खा आधी दोन घास." मुकाट्याने घमेलं उचललं त्याने.

एवढं जपूनही काय झालं? रतिबाच्या एक काकू गोठा बघायला आल्या. आमची हरणी मान हलवत होती.

"बघा, झिंगलीय!"

"अहो, माशा हाकलतेय ती!"

काकूंनी व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या सोसायटीचा रतीब बंद! एवढं दूध गेल्यावर एक गाय कमी करणं भाग होतं. ह्यांनी हरणीसाठी व्यापारी बोलावला. वासरू असल्यापासून मी वाढवलेली गाय!

व्यापारी हरणीचे दात बघत होता, तेवढ्यात काकू दारात. हातात रिकामी बाटली. मला वाटलं, पटलं बाईंना! मी धावतच किटली आणली.

"दूध नको हो. उद्या लेकाच्या फ्लॅटची वास्तुशांत आहे. थोडं गोमूत्र द्या."

"अहो, पण ही बार्ली खाते!"

"असू दे. गोमूत्र शुद्धच असतं. तीर्थात घालून सगळ्यांना द्यायचंय, नातवंडांनासुद्धा."

मी बाटली भरून दिली. "मग उद्यापासून दूध सुरू करू?"

काकू दोन पावलं मागे सरकल्या.

"छे छे! घरात लहान मुलं आहेत."