बारीक भोक

न्हावऱ्याच्या उसात बिबट्या पिंजऱ्यात सापडला, तेव्हा गर्दीत माझ्याशेजारी एक म्हातारे उभे होते. शिकारबंदीआधी ते कातडी विकण्यासाठी रायफलीनं कोल्हे-लांडगे मारायचे आणि काडतुसं घरीच भरायचे.

"आबा, गोळी कुठली घ्यायचा?" मी विचारलं.

"फुटणारी गोळी कातडं फाडती. कडक घ्यायची, आन् दारू बेतानं भरायची." त्यांची चिमूट हवेतच दारू सोडत होती. "भोक असं बारीक, की दाखवल्याबिगर दिसायचं न्हाई."

तेवढ्यात बिबट्या उठून वळला. उन्हात त्याची सगळी पाठ हलली. गर्दी मागं सरली. म्हाताऱ्यांनी मात्र देवळात शिरताना काढाव्यात तशा वहाणा काढल्या.

"हयातभर कातडं जपलं," ते पुटपुटले, "पन जित्या जनावरात भोक कुठं पाडायचं, तेवढंच बघितलं. कातडं आज बघतोय."