सरांचा लाडका सिद्धांत

दोन्ही हातांची बोटं गालांवर ठेवून सर स्वतःचे ओठ कानांकडे ओढायचे आणि तसल्याच तोंडाने बोलायचे, "आधी चेहरा, मग मन." ते ध्यान बघून समोरच्याला हसू फुटायचंच. मग सर म्हणायचे, "झालं ना सिद्ध?" तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला आपला विषय घरी नेल्याशिवाय चैन पडत नाही.

भांडुपच्या एका कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवायचे आणि मी अकाउंट्स. राहायलाही आम्ही एकाच मजल्यावर, समोरासमोर. भावना आधी शरीरात उठते आणि मनाला ती मागाहून कळते, हा सिद्धांत त्यांचा फार लाडका. पोरांना जिन्यावरून पळवत वर आणायचे आणि ती धापा टाकत असतानाच विचारायचे, "काय रे, भीती वाटतेय का?"

"सर, भूक लागलीय," एकजण म्हणाला. सरांनी तेही गंभीरपणे फळ्यावर लिहिलं.

मग त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, अंथरूण धरलं. ताप नाही, दुखणं नाही, घरात भांडण नाही, कोणी गेलेलं नाही. भिंतीकडे तोंड करून नुसत्या पडून राहायच्या. कारण सापडत नाही, हेच सरांना झेपेना. मी डॉक्टरांचा विषय काढला तर म्हणाले, "मॅडम, अहो, मी हेच तर शिकवतो." मला त्यांचा असा राग आला होता!

त्यांनी घरातच वर्ग सुरू केला. रोज सकाळी वहिनींना उठवायचं, वेणी घालायला लावायची, आरशासमोर उभं करायचं. दार उघडं असायचं, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"हस गं. खोटं हस, चालेल. खरं आपोआप येईल."

"गाल दुखतात हो."

"दुखू देत. थोडंच, अजून थोडंच."

दरडावून नाही, अगदी काकुळतीला येऊन बोलायचे. माणूस घाबरला होता. बायको हातातून सुटत चालली होती आणि त्यांच्याजवळ हा एवढा एकच उपाय होता.

आणि वहिनी हसू लागल्या. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, वॉचमनशी बोलताना, सगळीकडे सारखंच. सोसायटीत सगळे म्हणाले, चला, सुधारल्या. सर पेढे घेऊन आले. "मॅडम, लागू पडतंय!" त्यांचे डोळे भरून आले होते. मीही पेढा खाल्ला.

त्यानंतर एका सकाळी वहिनी कोथिंबीर आणायला म्हणून निघाल्या. गेटवर मला भेटल्या, "येते हं" म्हणाल्या. त्या परत आल्याच नाहीत.

पोलीस चौकीत मी सरांबरोबर गेले. हवालदाराने विचारलं, "घरात काय टेन्शन?" सरांनी मोबाइलमधले वहिनींचे फोटो दाखवले. "साहेब, ह्या तर एकदम मजेत दिसतात ना. येतील संध्याकाळपर्यंत," असं म्हणून त्याने फोन परत दिला.

सरांनी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत हॉस्पिटलं, देवळं, बागा पालथ्या घातल्या. पावलं सुजली, कॉलेज सुटलं. जेवणाचा डबा मी दारात ठेवायचे, तो तसाच परत न्यायचे. इतका हताश माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटी त्यांचा भाऊ त्यांना गावी न्यायला आला. सामान खाली गेल्यावर सर माझ्या दारात आले.

"मॅडम, तिला शेवटचं तुम्हीच पाहिलंत. कशी होती?"

"हसत होत्या, सर."

"ते नाही हो." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "खरं हसत होती का? तेवढंच सांगा."

ते मलाही ओळखता आलं नव्हतं. सर माझ्या तोंडाकडे बघत उभेच राहिले. भावाने त्यांच्या दंडाला धरून त्यांना लिफ्टमध्ये नेलं, तेव्हाही ते मागे वळून माझ्याकडेच बघत होते.