वडपाड्याची शीव आणि माझी वळकटी

नंदुरबार स्टेशनावर मी उतरलो तो शिंकतच. गाव अजून डोळ्यांना दिसलं नव्हतं, पण नाकाला भेटून गेलं होतं. स्टेशनापलीकडच्या मोकळ्या रानात जिकडे पाहावं तिकडे लाल मिरच्यांच्या पथारी (वाळत घातलेले थर) पसरल्या होत्या आणि बायका पदरानं नाकतोंड बांधून त्या उलथत होत्या. माझी सहावी शिंक झाल्यावर एक बाई दुसरीला म्हणाली, "पाव्हना नवा दिखस." दुसरीनं मला धीर दिला, "दोन दिन ऱ्हाय भाऊ, मंग नाकले काहीच कळाव नही."

मी मूळचा साताऱ्याकडचा. दोन वर्षांपासून धुळ्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा जुना हमरस्ता आणि त्याला फुटणाऱ्या डोंगरवाटा मी मुलांना नकाशावर छडीनं इतक्यांदा दाखवल्या होत्या, की आपण त्यांवरून चालून आलो आहोत असं मलाच वाटू लागलं होतं. आमच्या हेडमास्तरांना मात्र तसं वाटत नव्हतं. मुलांसाठी 'आपल्या जिल्ह्याच्या वाटा' अशी लहानशी पुस्तिका करायची ठरली, तेव्हा ते म्हणाले, "होळी झाली की वीस दिवस रजा घ्या आणि एकदा पायांनी भूगोल वाचून या." घरी बायकोनं ही संधी साधून माझी वळकटी बांधली. तीत सतरंजी, दोन धोतरं, पितळी तांब्या, डिंकाचे लाडू आणि वाटेत वाचायला म्हणून मी घातलेली तीन जाडी पुस्तकं होती. तिन्ही पुस्तकं मी न उघडता परत आणली, हे इथंच सांगून टाकतो.

जुन्या हमरस्त्याचा थाट मनात धरून मी निघालो होतो. प्रत्यक्षात तो काळ्या मातीत रुतलेल्या गाड्यांच्या दोन चाकोऱ्या निघाला. दुतर्फा कुठं कपाशीच्या वाळक्या पळकाट्या, कुठं नुसती ढेकळं. एका आडगावात विहिरीवर पाणी मागितलं तर पाण्याबरोबर कळण्याची भाकरी (उडीद-ज्वारीच्या पिठाची) आणि मिरचीचा ठेचा आला. ठेचा वाढणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मोटार सोडीसन पाये कसाले?" रस्ता पाहायला, असं मी सांगितलं. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या माणुसकीनं आणखी एक भाकरी दिली.

प्रकाशा गावाशी तापी ओलांडली. फाल्गुनात पाणी उतरलेलं असतं, म्हणून होडी फक्त मधल्या धारेपुरती, अलीकडे-पलीकडे चालायचं. पलीकडच्या काठाला चढताना माझी एक नवी कोरी वहाण गाळात गेली ती गेलीच. नावाडी बांबूनं बराच वेळ गाळ ढवळत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तापीमायले आवडनी. दुसरी बी दी टाका, एक घीसन ती काय करी?" दुसरी मी दिली नाही. शहाद्याच्या बाजारात जाडजूड चामड्याचा एक जोड घेतला आणि उरलेली ती एकटी वहाण पिशवीत ठेवली. ती का ठेवली, हे मला अजून उमगलेलं नाही.

शहादा सुटलं की गाडीवाट हळूहळू पायवाट होते आणि सातपुडा समोर निळा उभा राहतो. इथून पुढं एक नवीनच रीत कळली. डोंगरातल्या प्रत्येक गावचा जागल्या (गावराखण करणारा) वाटसरूला आपल्या गावच्या शिवेपर्यंत पोचवतो. त्याचं ओझंही तोच वाहतो. शीव आली की ओझं जमिनीवर ठेवतो, हाळी देतो आणि पुढच्या गावचा माणूस ते उचलतो. आपल्या शिवेपलीकडे कोणी एक पाऊल वाहून नेत नाही आणि अलीकडेही कोणी ठेवत नाही. मला हे वैभव चांगलंच मानवलं. तीन दिवस मी हात हलवत चाललो, तंबाखूच्या चिमटीवर सगळ्यांना खूश केलं, आणि चालणं म्हणजे काहीच नाही, असं वहीत लिहूनही ठेवलं.

चौथ्या दिवशी दुपारी वडपाड्याला पोचलो. साग आणि बांबूच्या मधे पंधरावीस कुडाची घरं. तिथल्या जागल्याचं नाव जेरमा. पन्नाशीचा, काटक, कपाळाला घट्ट फडकं. घरात तो आपल्या बोलीत बोलायचा, माझ्याशी खालच्या गावांतून उचललेल्या अहिराणीत. इकडे सगळ्यांना 'तू'. मलाही, आणि बहुधा कलेक्टरालाही. त्यानं मला पाहिलं आणि आनंदानं हाळी दिली. पाहता पाहता अख्खा पाडा माझ्याभोवती गोळा झाला. साताऱ्यात माझ्या लग्नालाही एवढी माणसं नव्हती. आपल्या विद्वत्तेची कीर्ती सातपुड्यात पोचली की काय, अशी शंका माझ्या मनात येऊन गेली.

तसं काही नव्हतं. होळीनंतर त्या वाटेनं आलेला मी पहिला परका माणूस होतो, एवढंच.

संध्याकाळी जेवायला शेजारच्या सागपाणी गावचा जागल्या फुलजीही आला. जाड मिशा, शांत नजर. तो आणि जेरमा एका घरात बसून एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. अंबाडीची भाजी आणि जोंधळ्याची भाकरी वाढली गेली. भाकरी संपल्यावर जेरमानं मला कुडाआड नेलं आणि कानात म्हणाला, "तुले हाई सांगानं नही, पन सांगस."

दोन्ही गावांची शीव म्हणजे मधला ओहळ. मागच्या पावसाळ्यात ओहळानं पात्र बदललं आणि वाटेवरची मोहाची तीन झाडं वडपाड्याच्या अंगची होती ती सागपाण्याच्या अंगाला गेली. निदान जेरमाचं म्हणणं तसं. तेव्हापासून जेरमा वाटसरूचं ओझं तिसऱ्या झाडापलीकडे ठेवू पाहतो आणि फुलजी ते पहिल्या झाडाच्या अलीकडेच घ्यायला येतो. एका बिचाऱ्या कापडवाल्याचा गठ्ठा दोघांच्या ओढाताणीत फाटला. शेवटी दोन्हीकडच्या पंचांनी ठरवलं, की होळीनंतर जो पहिला परका येईल त्यानं स्वतःचं ओझं स्वतः वाहायचं. तो दमून जिथं आपण होऊन ओझं खाली ठेवील, ती शीव. त्याला मात्र हे सांगायचं नाही.

मी पाणी प्यायला बाहेर आलो तर फुलजीनं मला गाठलं. "तुले हाई सांगानं नही," तो म्हणाला, आणि तीच हकिकत उलट बाजूनं सांगितली. त्याच्या मते झाडं मुळातच सागपाण्याची आणि ओहळाला आता कुठं शहाणपण आलं होतं.

दोघांचं ऐकून मला हसू येत होतं. ते थांबलं सोनकीमुळं. सोनकी ही जेरमाची विधवा बहीण. पदरी दोन लेकरं आणि उतारावरचा खडकाळ तुकडा. ती माझ्या पायांना मोहाचं तेल चोळायला आली (जेरमानंच पाठवली असणार) आणि चोळता चोळता सहज म्हणाली, "आठ दिनम्हा फुल पडाले लागी. वाळाडीसन ठेवो ते आखाडम्हा पोरे उपाशी नही ऱ्हात." आषाढात घरचं धान्य संपतं आणि ही वाळलेली फुलं शिजवून माणसं दिवस काढतात, हे मी मुलांना शिकवत आलो होतो. भूगोलात त्याला 'वनोपज' म्हणतात. तो शब्द मला त्या वेळी फार थोटा वाटला.

मी मनाशी पक्कं ठरवलं. या बाईसाठी आपण तीनही झाडं ओलांडायची, मग छाती फुटली तरी हरकत नाही.

सकाळी उन्हं चढायच्या आत निघालो. वळकटी पाठीवर बांधून दिली आणि सगळे चार हात दूर झाले. कोणी हात लावायचा नाही असा करार होता. माझ्या मागं वडपाडा, बाजूनं सागपाणी. जेरमा म्हणत होता, "आते थोडंच शे!" फुलजी म्हणत होता, "मास्तर, बस. सावली कशी गार शे दख!" तिन्ही पुस्तकं एकाच मणक्यावर बसली होती. नवे जोडे टाचेला चावत होते. चालणं म्हणजे काहीच नाही, असं लिहिणारा माणूस मला त्या वेळी भेटायला हवा होता.

पहिलं झाड आलं. प्रचंड बुंधा, पानं गळून फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके धरलेले. खोडाभोवतीची जमीन कोणीतरी झाडून, शेणानं सारवून लख्ख ठेवली होती. झाड मागं पडलं आणि वडपाड्याच्या लोकांनी आरोळी ठोकली. दुसरं मागं पडलं, माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिसरं ओलांडलं तेव्हा तर जेरमा नाचायलाच लागला. आता ठेवायला हरकत नव्हती. पण आरोळ्यांनी मला चढलं होतं. मी आणखी दहा पावलं गेलो, आणखी वीस गेलो. सोनकीला झाडं मिळवून देताना सागपाण्याची चार शेतंही मिळवून द्यावीत, अशी उदार बुद्धी मला झाली होती.

"मास्तर!"

सोनकी मागून धावत आली. ती माझ्या पुढं येऊन उभी राहिली आणि धापा टाकत म्हणाली, "मांगे चाल. मन्हं झाड एकच शे. पहिलं."

"आणि ही दोन?"

"ती आमनी नहीत. मन्ही सासू व्हती तवपाइन ती दोन त्यास्नी शेतस." तिनं बाजूला बोट केलं. तिसऱ्या झाडाखाली फुलजीची बायको उभी होती. टोपली कमरेला लावून ती माझ्या पाठीवरच्या वळकटीकडे एकटक बघत होती. तिच्या झाडाखालची जमीनही तशीच सारवलेली होती. मघाशी ती मला दिसली नव्हती, कारण मला पाहायचीच नव्हती. मला लाज वाटली, आणि ती लपवण्याइतकाही दम अंगात उरला नव्हता.

जेरमा बहिणीवर कडाडला, "तुले कोनी बोलानं सांगं?"

सोनकी वळलीसुद्धा नाही. "खोटं फुल पोरेस्ले पचत नही," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "चाल."

मी मागं फिरलो. ओझं अजून पाठीवरच होतं, तेव्हा करार मोडला नव्हता. ती दीडेकशे पावलं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब पावलं. तिसरं झाड गेलं, दुसरं गेलं. दुसऱ्या आणि पहिल्या झाडाच्या बरोबर मधे मी वळकटी खाली टाकली आणि तिच्यावरच बसलो.

दोन्ही गावांनी मिळून माझी हजेरी घेतली. हातातली दोन झाडं घालवली म्हणून वडपाडा संतापला. पहिलंही सोडलं नाही म्हणून सागपाणी चिडलं. जेरमानं मला बाईमाणसाचं ऐकणारा म्हटलं, फुलजीनं आंधळा म्हटलं. बोलता बोलता फुलजीचा शब्द अडला तर जेरमानं तो त्याला पुरवला. मी बावचळून सोनकीकडे पाहिलं. ती कपाळावरचा घाम पुसत हसत होती.

"बोलू दे त्यास्ले," ती म्हणाली. "पंचनी सांगं असतं ते पंचवर राग ऱ्हाता. पंच आठेच ऱ्हातस, जल्मभर. तू ते जाई ऱ्हायना."

मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना शहाणा माणूस नको होता, न्यायी नको होता, भूगोलाचा जाणकार तर मुळीच नको होता. निघून जाणारा माणूस हवा होता. ज्याच्यावर सगळ्यांनी मिळून रागवावं आणि ज्यानं तो राग घेऊन डोंगर उतरावा, असा. त्या कामाला माझी निवड अगदी योग्य झाली होती.

पुढं तोरणमाळापर्यंत जाऊन आलो. तिथला तलाव आणि थंड वारा यांचं वर्णन पुस्तिकेत सविस्तर येईल. परतताना सहाव्या दिवशी फुलजी माझी वळकटी घेऊन त्याच जागी आला. तिथं आता एक चपटा दगड पुरला होता. जेरमा आधीच येऊन बसला होता. फुलजीनं वळकटी दगडावर ठेवली, जेरमाच्या शेजारी टेकला, त्याच्याकडून तंबाखू घेतली, आणि दोघांनी मला नव्यानं नावं ठेवायला सुरुवात केली. पलीकडे फुलं पडू लागली होती. पहिल्या झाडाखाली सोनकी आणि तिची लेकरं, दुसऱ्याखाली फुलजीची बायको. दोघी वेचता वेचता एकमेकींशी मोठ्यानं बोलत होत्या. सोनकीनं पळसाच्या पानावर मूठभर फुलं आणून माझ्या हातात दिली. ती गोड होती, थोडी उग्र. तिच्या आषाढातली मूठ आपण खातो आहोत हे जाणवलं, पण नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

धुळ्याला आल्यावर हेडमास्तरांनी सगळी हकिकत ऐकली. ते खूश झाले. "म्हणजे तुम्ही दोन गावांचा तंटा मिटवलात की! लोक तिकडे तुमचं नाव काढत असतील."

"काढतात," मी म्हटलं. "रोज, दोघं मिळून, तंबाखू मळता मळता."

त्यांना ते विनोदी वाटलं. मी मात्र मनापासून बोललो होतो. त्या दोघांनी मला आणखी पुष्कळ वर्षं असंच बोलत राहावं. माझा विषय संपला, तर त्यांना पुन्हा एकमेकांकडे पाहावं लागेल.