कव्हरवरची मुलगी

त्या गुन्ह्याचा तपास मी स्वतः केला, दोषारोपपत्रही माझ्याच सहीनं कोर्टात गेलं. पण माझ्या मनातून ते प्रकरण काही निकाली निघालं नाही. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, दंगलीही पाहिल्या. लोक त्याच गोष्टी विचारतात आणि मीही त्या रंगवून सांगतो. ही हकिकत मात्र मी घरातही काढत नाही. तिच्यात रंगवण्यासारखं काही नाही, आणि चूक माझी आहे. नावं कुणाचीच देत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा ठाणेदार होतो, एवढं पुरे.

सोमवारची सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. सत्तरीतले एक गृहस्थ ठाण्यात आले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. गावात सगळे त्यांना अध्यक्ष म्हणत. कशाचे अध्यक्ष, तर जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या मंडळाचे. त्या काळ्या तबकड्यांचे शौकीन गावात सात-आठ जण होते. कापड दुकानदार, दातांचे डॉक्टर, एक वकील, असे. दर रविवारी दुपारी अध्यक्षांच्या माडीवर त्यांची बैठक असे.

"काल चोरी झाली साहेब," अध्यक्ष म्हणाले.

"काय गेलं?"

"एका रेकॉर्डचं कव्हर."

"आणि रेकॉर्ड?"

"ती आहे. स्वच्छ कागदात गुंडाळून टेबलावर ठेवून गेला."

ठाणे अंमलदार हसला. मी त्याच्यावर डोळे वटारले, पण हसू मलाही आलं होतं, खोटं कशाला सांगू? आंबा टाकून साल नेणारा चोर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अध्यक्षांचा चेहरा मात्र घरातलं माणूस गेल्यासारखा झाला होता. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि विचारलं, कव्हरात एवढं काय आहे?

तेव्हा त्यांनी मंडळाचा रिवाज सांगितला. रेकॉर्ड लावण्याआधी तिचं कव्हर सगळ्यांच्या हातातून फिरवायचं, हात धुऊन आणि पुसून. ज्याची पाळी असेल त्यानं त्या कव्हरामागची गोष्ट सांगायची. फोटो कुठं काढला, चित्र कुणी काढलं, त्या दिवशी काय घडलं. गोष्ट झाली की मग सुई ठेवायची. एका कव्वालीच्या रेकॉर्डवर म्हणे सात जण दिसतात आणि गळे ऐकू येतात आठ, कारण फोटोच्या वेळी आठवा पान खायला गेला होता. एका भजनी बुवांचा फोटो छापखान्यात उलटा छापला गेला आणि ते जन्मभर डावखुरे ठरले. अध्यक्ष सांगत गेले तसा मीही ऐकत बसलो. माणूस गोडबोल्या होता आणि गोष्ट सांगण्यात त्यांचा हात धरणारा मंडळात कुणी नव्हता.

"आणि गोष्ट माहीत नसेल तर?" मी विचारलं.

"तर ती रेकॉर्ड लागत नाही. गठ्ठ्यात खाली जाते."

हा नियम मी तेव्हा नीट ऐकला असता तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. ज्या बैठकीत गोष्टीशिवाय गाणं मिळत नाही, तिथं माणसं गोष्टी तयार करायला लागणारच. पण मला फिर्याद लिहून घ्यायची घाई होती.

गेलेलं कव्हर मराठवाड्यातल्या लोकगीतांच्या एका रेकॉर्डचं होतं. कंपनी कधीच बंद पडलेली. कव्हरवर एका मुलीचा फोटो होता: आठवडी बाजार, हातावर बांगड्यांच्या माळा घेतलेली पंधरा-सोळा वर्षांची पोर, आणि ती हसते आहे. वस्तू ओळखता यावी म्हणून फिर्यादीत वर्णन लागतं. अध्यक्ष सांगत गेले, अंमलदार लिहीत गेला: 'सदर कव्हरवर तमाशातील एका मुलीचे छायाचित्र असून ती म्हाताऱ्या आईस टाकून ढोलकीवाल्यासोबत हैदराबादला पळून गेलेली आहे.' मी वाचलं आणि सही केली. घरातून चोरी, गुन्हा दाखल.

तपासात पहिले दोन दिवस मंडळातल्या सभासदांचे जबाब घेण्यात गेले. शौकीन माणसं एकमेकांवर किती प्रेम करतात आणि किती संशय घेतात, ते मी तिथं पाहिलं. डॉक्टर म्हणाले वकिलाची नजर वाईट, वकील म्हणाले डॉक्टरांचं कपाट बघा. त्या रविवारी माडीवर कोण कोण होतं, हे मी प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकानं तीच आठ नावं सांगितली.

नववा माणूस आम्हाला एका फ्रेमवाल्यानं दिला. आमचे एक जुने हवालदार बाजारात गस्तीला गेले की प्रत्येक दुकानाच्या पायरीवर घडीभर टेकायचे. मी त्यावरून त्यांना चिडवायचो, पण अर्धी खबर त्या पायऱ्यांवरूनच यायची. तिसऱ्या दिवशी ते आले आणि म्हणाले, "साहेब, वारंग्याचा मिस्त्री फ्रेम करून मागून राहिला. माप सुतळीवर आनलं. फूटभर लांब, फूटभर रुंद. फ्रेमवाला म्हने फोटो दाखव, तर दाखवत न्हाई, लग्नाचा हाय म्हनतो."

"मग?"

"लग्नाचा फोटो असा चौकोनी राहतो का साहेब?"

हा मिस्त्री पन्नाशी ओलांडलेला मुसलमान गृहस्थ. वारंगा फाट्यावर त्याचं लहानसं दुकान होतं. ट्रकवाल्यांचे टेप आणि हॉर्न दुरुस्त करायचा. मी अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो हो! रविवारी तोच आला होता. प्लेअरचा पट्टा निसटला होता." डॉक्टरांनाही मग आठवलं, वकिलांनाही. तो माणूस दोन तास त्यांच्यात बसला होता आणि एकानंही त्याचं नाव घेतलं नव्हतं. ते काही लपवत नव्हते. दुरुस्तीला आलेला माणूस खोलीत असतो, पण तो कुणाच्या ध्यानात नसतो.

मिस्त्रीला ठाण्यात बोलावलं. सकाळी दहाला आला तो बाकावर बसला. मी विचारलं, दरडावलं, समजावलं. पोलिसी सवयीनं अरे-तुरेवर आलो. हात लावला नाही, पण आवाज चढवला. तो गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडं बघत राहिला. खोटं बोलणारा माणूस बोलतो, हा माझा अनुभव आहे; त्याला गप्प बसणं जमत नाही. हा गप्प होता, म्हणजे काहीतरी खरं दाबून बसला होता, हे मला कळत होतं. काय ते कळत नव्हतं.

दुपारी चारच्या सुमारास मी अंमलदाराला म्हणालो, याला फिर्याद वाचून दाखव, काय गुन्हा आहे ते तरी कळू दे. तो ठाण्याच्या त्या एकसुरी आवाजात वाचू लागला. 'तमाशातील एका मुलीचे' इथपर्यंत आला आणि मिस्त्री उठून उभा राहिला.

"व्हय साहेब. म्याच नेलं. कुठं सही करायची ती सांगा. पन ते वाक्य काढा."

"कोणतं वाक्य?"

"ती माझी आपा हाय."

मी मिस्त्रीला खुर्चीवर बसायला सांगितलं. त्यानंतर त्याला मी कधी अरे-तुरे केलं नाही.

त्यानं सांगितलं ते असं. त्याची आई हट्टा गावच्या बाजारात बांगड्या विकायची. थोरली बहीण सोबत असायची. एकदा कॅमेरा घेऊन काही माणसं आली, बहिणीचा फोटो काढला, एक प्रत पाठवू असं सांगून निघून गेली. दुसऱ्या वर्षी बहिणीचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणात ती आणि लेकरू दोघंही गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आई मात्र चाळीस वर्षं म्हणत राहिली, कुठं तरी तिची तसवीर आहे, त्या माणसांनी काढली होती.

"त्या दिवशी पट्टा बसवत होतो. अध्यक्षसाहेब गोष्ट सांगून राहिले होते. म्या मान वर केली तर आपाच. अम्मीची बांगड्यांची पेटीबी फोटोत हाय."

"मग मागितलं का नाही? त्यांनी दिलं असतं."

"काय म्हनून मागू साहेब? आठ मान्सं बसलेली, सगळे वा वा करून राहिले. त्यात उठून सांगू, ती पळून गेलेली माझी बहीन हाय?" मग तो म्हणाला, "मान्सं खाली उतरल्यावर नेलं. गानं त्यायचं होतं, ते तिथंच ठेवलं. तसवीर आमची होती."

संध्याकाळी मी अध्यक्षांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "तिची गोष्ट मला माहीत नव्हती हो. आणि पाळी माझी होती." मग तिथंच रडले. फिर्याद मागं घेतो म्हणाले. पण घरातल्या चोरीचा गुन्हा एकदा दाखल झाला की तो फिर्यादीच्या हातात राहत नाही, आमच्याही राहत नाही. मी त्यांचा पुरवणी जबाब घेतला: सदर हकिकत मी स्वतः रचलेली असून तिला कोणताही आधार नाही. मूळ फिर्यादीतलं ते वाक्य मात्र खोडता येत नव्हतं. मिस्त्रीला मी कायदा समजावला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पंचांसमोर निवेदन दिलं आणि आम्हाला घरी नेलं. ऐंशी पार केलेली त्याची अम्मी खाटेवर बसली होती आणि कव्हर तिच्या मांडीवर होतं. आम्ही चोरीचा माल घ्यायला आलो आहोत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, पाहुणे फोटो बघायला आलेत. तिनं कव्हर माझ्यापुढं धरलं.

"देखो साब, कैसी हँसरी."

मी पाहिलं. खरोखर ती पोर अशी हसत होती की आपल्यालाही हसू यावं. शेवटी मिस्त्रीनंच आईच्या कानाशी वाकून सांगितलं, साहेबांना थोडे दिवस हवं आहे. तिनं ते लगेच सोडलं नाही. पदरानं पुसलं, पुन्हा एकदा पाहिलं, मग दिलं.

"कब लाते?"

"आठ दिन में," मी म्हणालो.

आठ दिवस मी का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. काहीतरी म्हणायचं होतं. लाखेचं सील लावून कव्हर मुद्देमाल कोठडीत गेलं. मिस्त्रीला कोर्टानं जामीन दिला. अध्यक्षांनी त्याच आठवड्यात मुद्देमाल परत मिळावा म्हणून अर्ज केला. मिळाला की ते कव्हर स्वतः म्हातारीला नेऊन देणार होते. कोर्टानं पोलिसांचं म्हणणं मागितलं. चार ओळींचं म्हणणं. ते माझ्या टेबलावर होतं. आधी सणांचा बंदोबस्त आला, मग एका नेत्याचा दौरा, मग वरिष्ठांची वार्षिक तपासणी. मिस्त्री दोनदा ठाण्यात येऊन गेला. बाकावर बसायचा, मी दिसलो की उठून उभा राहायचा. मी म्हणायचो, होतंय, होतंय.

पुढं एक दिवस हवालदार म्हणाले, मिस्त्रीची आई वारली. मी त्याच दिवशी म्हणणं लिहिलं. चार ओळींना दहा मिनिटं लागली.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. दोषारोपपत्रासाठी मी ती फाईल काढली आणि एकेक कागद लावू लागलो. फिर्याद, जबाब, निवेदन, जप्ती पंचनामा. पंचनाम्याला जप्त मालाचा फोटो जोडलेला असतो, तसा याही पंचनाम्याला होता. आमच्याच शिपायानं त्या घरात मोबाईलवर काढला होता आणि ठाण्यातल्या प्रिंटरवर छापला होता. रंगीत, स्पष्ट. बांगड्या, पेटी, ती पोर. प्रिंटर माझ्या केबिनपासून पाच पावलांवर होता. एक प्रत जास्त काढायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती, कोर्टाची नव्हती, वरिष्ठांची नव्हती. म्हातारीला कव्हर नको होतं, तोंड हवं होतं. ते जप्तीच्या पहिल्या दिवसापासून माझ्या फाईलमध्ये होतं आणि ते तोंड आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मुद्देमाल बघत होतो.

मी त्याची मोठी प्रत काढली आणि वारंग्याला गेलो. मिस्त्री एका ट्रकचा हॉर्न उघडून बसला होता. हात पुसून त्यानं फोटो घेतला.

"कव्हर सुटलं साहेब?"

"नाही अजून. हा फोटो आहे. फाईलमधला."

त्यानं फोटो पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. "कवापासून हाय फाईलमंदी?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघून हळूच म्हणाला, "अम्मी रोज इचारायची, आठ दिन हो गये क्या. म्या म्हनायचो, आजून सहाच झाले." मग त्यानं मला बसायला स्टूल दिलं. मी बसू शकलो नाही.

पुढं कोर्टानं त्याला समज देऊन सोडलं, कव्हर अध्यक्षांनी त्याच्या घरी पोचवलं. मंडळाच्या बैठका त्यानंतर फार दिवस चालल्या नाहीत. कव्हरं फिरायची, पण गोष्ट सांगायला कुणी तोंड उघडेना, असं डॉक्टरांनी मला सांगितलं.

आजही तरुण अधिकारी भेटतात, तपासाच्या युक्त्या विचारतात. मी त्यांना सांगतो, आरोपीनं काय नेलं हे तर तुम्ही कागदावर लिहिताच. ती वस्तू त्याची कोण लागते, हेही एकदा विचारा. ते वहीत टिपून घेतात. त्यांना हे कळायला वेळ लागेल, मलाही लागला होता. माझं स्वतःचं म्हणाल तर कुणाला काही द्यायचं असलं की मी त्याच दिवशी देऊन येतो. बायको हसते, म्हणते एवढी कसली घाई, आठ दिवसांनी दिलं तर काय होईल?

तिला अजून मी हे सगळं सांगितलेलं नाही.