शकीलाभाभींच्या चादरीची मागची बाजू

तीन वर्षांपूर्वी भंडारदऱ्याच्या काजव्यांवर मी इथे एक पोस्ट लिहिली होती. तिच्या शेवटी चार ओळी राजूरच्या एका टेलरच्या बायकोबद्दल होत्या. 'हात उपजत आहे, थोडी शिस्त लागली तर कुठच्या कुठे जाईल,' असं मी मोठ्या मनाने लिहिलं होतं आणि तुम्ही सगळ्यांनी त्याखाली पसंतीचे अंगठे दिले होते. त्या ओळी मी काल काढून टाकल्या. का काढल्या, ते सांगण्यासाठी ही पोस्ट. रस्ता, जेवण, मुक्काम हेही ओघात येईलच, कारण तुमच्यातले निम्मे लोक त्याच्यासाठीच इथे येतात, हे मला माहीत आहे.

आधी त्या वेळचं सांगते. आम्ही आठ जणी काजवे बघून परतत होतो. राजूरच्या बाजारात माझ्या पिशवीचा बंद तुटला, म्हणून आम्ही सगळ्या समोर दिसलेल्या टेलरच्या दुकानात शिरलो. सलीमभाई बंद शिवत होते आणि मी त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतभर मांजरपाटाची चादर होती आणि तिच्यावर हाताने भरलेलं अख्खं गाव. भातखाचरं, धरण, गच्च भरलेली जीप, टपावर बसलेली आणि मागे लोंबकळणारी माणसं. शिवाय जीपपेक्षा मोठी एक कोंबडी. सलीमभाईंच्या बायकोने, शकीलाभाभींनी, कुणाकडे काही न शिकता दुकानातल्या उरल्यासुरल्या दोऱ्यांनी हे भरलं होतं.

"कोंबडी एवढी मोठी का हो?" मी विचारलं.

"कोंबडी माझी हाय. जीप दुसऱ्याची," भाभी म्हणाल्या.

मी खळखळून हसले. आणि मग माझी जित्याची खोड आड आली. कोथरूडात पंधरा वर्षं मी भरतकामाचे क्लास घेते. हातात काम आलं की मी आधी ते उलटं करून बघते. चादरीचं जीपकडचं टोक उचललं, तर मागे नुसत्या गाठी आणि लोंबणारे दोरे. "पुढून छानच आहे," मी म्हणाले, "पण मागे फार गाठी आहेत. खरं काम तेच, ज्याची मागची बाजूही पुढच्यासारखी दिसते." एवढं बोलून मी मोकळी झाले, क्लासचं कार्ड भाभींच्या हातात ठेवलं, शेजारून पाव किलो पेढे घेतले आणि गाडीत जाऊन बसले.

गेल्या महिन्यात भाभींचा फोन आला. "बाई, काम पुरं झालं. बघायला या."

मला वाटलं, काहीतरी नवीन केलं असणार. नोव्हेंबर होता, हवा सुंदर होती. मी एकटीच निघाले.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी: शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरा, नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट करत संगमनेरला उतरा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला त्रास नाही. संगमनेरच्या स्टँडबाहेर गरम भजी खाल्ली, तेल फार होतं पण चव होती. तिथून अकोले, आणि अकोल्याहून राजूरला जीप. एसटीही आहे, पण तिची वाट बघत बसण्यापेक्षा जीप बरी. ती भरल्याशिवाय हलत नाही, एवढंच.

माझ्या शेजारी तांदळाची गोणी पायांत धरून एक बाई बसल्या होत्या. "कुनाकडं निघाल्या?"

"शकीलाभाभींकडे. टेलरच्या."

"आता गं बया! त्या शिवत्यात कुटं? तीन वर्सं झाली, नुस्तं उसवत्यात."

मला वाटलं, जुने ब्लाऊज सैल करून देत असतील. मी हसून खिडकीबाहेर बघायला लागले. विठे घाट चढताना दोन्हीकडे भाताची सोंगणी चालली होती आणि कापलेल्या भाताचा वास जीपमध्ये येत होता. मी अगदी खुशीत होते. आता तो सगळा प्रवास आठवला की मला माझीच लाज वाटते.

दुकानात सलीमभाईंनी चहा मागवला. ते बारीक झाले होते. भाभींनी आतून जुन्या ओढणीत बांधलेलं गाठोडं आणलं, सतरंजीवर सोडलं आणि चादर पसरली. पसरली ती पालथी. मागची बाजू वर.

एक गाठ नव्हती. एक दोरा लोंबत नव्हता. माझ्या क्लासमधल्या सर्वांत हुशार मुलीलाही जमणार नाही इतकं स्वच्छ काम. आणि मग माझ्या लक्षात आलं की ही तीच चादर आहे.

मी ती उलटली. खाचरं पूर्वी दहा तऱ्हांच्या हिरव्या-पिवळ्या तुकड्यांची होती, ती आता एकाच हिरव्या रंगाची झाली होती. धरण सरळ रेषेत होतं. कोंबडी कोंबडीएवढीच होती, तिच्याभोवती आधीच्या मोठ्या कोंबडीच्या सुईची भोकं मात्र दिसत होती. जीप होती. जीप रिकामी होती.

"माणसं कुठे गेली?" मी विचारलं.

"माणसामागं एक गाठ पडायची. रंग बदलायचा, दोरा तोडायचा. लई प्रयत्न केला. मग काढली माणसं," भाभी म्हणाल्या.

सलीमभाई मशीनवरून म्हणाले, "तीन वर्सं फॉल-पिको बंद केलं हिनं. आदी समदं उसवलं, मग परत भरलं. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. तर म्हनती, पुन्याच्या बाईला दाखवायचं हाय."

"झालं ना आता बराबर?" भाभींनी विचारलं.

क्लासमध्ये पालकांसमोर बोलताना येते ती हुशारी मी इथेही वापरली. म्हणाले, "मागून अगदी बिनचूक आहे, भाभी."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "आन् पुढनं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्या बाईने तीन वर्षं माझ्या एका वाक्यावर काढली होती, आणखी एक तसलंच वाक्य तिच्या हातात द्यायचा मला धीर झाला नाही. "पुढून आधीचं बरं होतं," मी म्हणाले. "फार बरं होतं. माझं चुकलं."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं ना. छान आहे म्हणाले होते."

"छान तर समदेच म्हनत्यात, बाई. चा पाजला की पावनं छान म्हनतंच. खोट काढली ती तुमी एकटीनं. मला वाटलं, ह्या बाईला कळतंय."

मी आपली उंटावरून शेळ्या हाकून गेले होते. मी म्हटलं, आपण परत भरू, मी येऊन बसते, हवे ते दोरे आणते. भाभींनी चादरीची कड उचलून उजेडात धरली. दोनदा सुई गेलेलं कापड जाळीसारखं झालं होतं. "आता उसवलं तर हातात येईल," एवढंच त्या म्हणाल्या आणि घडी घालायला लागल्या.

मुक्कामाला मी पुढे शेंडीला गेले. धरणाजवळ घरगुती सोय बरी होते, आधी फोन करून जा. जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि ठेचा होता. वाढणाऱ्या ताईंनी दोनदा विचारलं, जेवण आवडलं नाही का. मी ताट बाजूला सारून मोबाईल चाळत होते. त्या वेळचे फोटो कुठेतरी असणार, एखादा जरी चादरीचा असला तरी त्यावरून नव्या कापडावर भरता येईल, असं मला वाटत होतं.

चार फोटो सापडले. तिन्हींत आम्ही आठ जणी दात काढून उभ्या होतो आणि चादर आमच्या पाठीमागे झाकली गेली होती. चौथा फोटो स्वच्छ होता, जवळून काढलेला, टाका न् टाका दिसणारा. पण तो मागच्या बाजूचा होता.

सकाळी रतनवाडीच्या देवळाला जायचा बेत होता, तो रद्द केला. तुम्ही जा, देऊळ बघण्यासारखं आहे म्हणतात. मी पहिल्या जीपने राजूरला परत आले आणि भाभींच्या हातात मोबाईल दिला.

"मागनं का काढला फोटू?" त्यांनी विचारलं.

"क्लासच्या मुलींना दाखवायला." आणि पुढचंही सांगून टाकलं, "काम कसं नसावं, ते."

सलीमभाईंचं मशीन थांबलं. भाभींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि दाराच्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या.

"ही अम्मी हाय," त्या एका गाठीवर बोट ठेवून म्हणाल्या. "लाल आन् वर निळा. तिची वढनी निळी हुती." मग दुसरी गाठ. "ह्यो किसन, जीपवाला. ह्यो त्याचा भाऊ. ह्या दोगी भाताच्या लावनीला जानाऱ्या. ह्ये तुमी," हे सलीमभाईंना, "टपावर बसलाय, हातात कातर." एकेक गाठ घेत त्यांनी अकरा माणसं ओळखली. सलीमभाई उठून त्यांच्या खांद्यावरून बघायला लागले.

बाराव्या गाठीशी त्या अडल्या. पिवळा दोरा होता, थोडा काळा. "ही कोन?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. त्यांनाही सांगता येईना. दोघं खूप वेळ आठवत राहिले. बाजारातला कुणी, नातेवाईक कुणी, नावं घेऊन झाली. शेवटी भाभींनी मोबाईल मला परत दिला आणि म्हणाल्या, "ह्यांच्या मोबाईलवर पाठवून द्या." जेवायला थांबा, असं त्या या वेळी म्हणाल्या नाहीत आणि मीही थांबले नाही.

परतीचा रस्ता तोच, त्यामुळे नवीन लिहिण्यासारखं काही नाही. घरी येऊन तो फोटो मी क्लासच्या फायलीतून काढला. मुलींना त्याचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सवयीप्रमाणे आपापल्या भरतकामाच्या रिंगा माझ्यापुढे पालथ्या ठेवल्या.

परवा मी भाभींना फोन केला. नवीन काही सुरू केलं का, म्हणून विचारलं.

"कापड आनलंय," त्या म्हणाल्या. "पन टाका घातला की आदी मागं बघते, बाई. पुढं काय काढायचं ते सुचतच न्हाई. कसं करू?"

मी म्हणाले, होईल हळूहळू. पंधरा वर्षं मलाही पुढचं काही सुचलेलं नाही, मी फक्त दुसऱ्यांची कामं उलटी करून बघत आले, हे मी त्यांना सांगितलं नाही.