पूरी चेष्टा

जबलपुरात हातगाडी लावणाऱ्याच्या नशिबी दोन ताप लिहिलेले असतात: मे महिन्याचं ऊन आणि आमचे शेजारचे काका. उन्हापासून निदान झाडाखाली पळता येतं. काका झाडाखालीही येतात. संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं नातवंडं खेळवतात, नर्मदेवर जाऊन बसतात. काकांनी मात्र छोट्या धंदेवाल्यांना सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्याचा नसता उद्योग मागे लावून घेतला. सदर नावाच्या भागातल्या बाजारात ते भाजी आणायला जातात आणि भाजीवाल्याचे पासपोर्ट फोटो घेऊन परततात. भाजी राहते. इतरांच्या पाकिटात बायकोचा फोटो असतो, काकांच्या पाकिटात जांभळं विकणाऱ्याचा. काकूंनी यावर बोलणं कधीच सोडलंय. एकदा काकांनी शेंगदाणेवाल्याला विचारलं, "पांच साल बाद आपका व्यवसाय कहां होगा?" तो पुडी बांधता बांधता म्हणाला, "यहीं, बाबूजी, किसी ने हटाया नहीं तो।" हे उत्तर बँकेत चालणार नाही म्हणून काकांनी तिथेच उभं राहून त्याच्याकडून दुसरं पाठ करून घेतलं. तेवढ्यात त्याची गिऱ्हाइकं बाजूच्या गाडीवर गेली. विकास म्हणतात तो हाच.

शोभाताई सदरमधल्या एका शिंप्याच्या मशीनवर साड्यांना फॉल-पिको करायच्या. शिंपी दुकान विकून मुलाकडे निघाला. स्वतःचं मशीन घेता आलं नाही, तर ताईंची कमाईच बंद होणार होती. बँकेने त्यांना एकदा परत पाठवलं होतं, कारण त्यांच्या धंद्याला पत्ता नव्हता. पत्ता हवा तर दुकान हवं, दुकान हवं तर कर्ज हवं आणि कर्ज हवं तर पत्ता हवा. इतकी साधी गोष्ट, पण ताईंना काही केल्या कळत नव्हती.

काका त्यांना घेऊन पुन्हा बँकेत गेले आणि सोबत मलाही ओढलं. मॅनेजर तरुण, नवा, शुद्ध हिंदीतला. सगळं ऐकून घेऊन तो नम्रपणे म्हणाला, "हम पूरी चेष्टा करेंगे।"

काकांची हिंदी कारखान्यातली. तिथे लोक कोशिश करतात, चेष्टा कोणी करत नाही. आणि घरच्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. काका ताडकन उठले.

"गरीब बाई की चेष्टा? और वो भी पूरी?"

"जी, पूरी। मेरा वचन है।"

"बंद करो चेष्टा! अभी के अभी!"

मॅनेजरने बिचाऱ्याने घाबरून ताईंचे कागद बाजूला सारले. इतका वेळ तोंडाला पदर लावून हसणाऱ्या शोभाताईंचं हसू तिथेच थांबलं. त्या हिंदी शाळेत शिकलेल्या. "काका, बसा न. ते मस्करी करून नाही राहिले. चेष्टा म्हणजे कोशिश."

काका बसले. ताईंना म्हणाले, "अच्छा! म्हणजे आजवर सगळ्यांनी तुझ्यासाठी कोशिशच केली म्हणायची."

"तो चेष्टा चालू रखूं?" मॅनेजरने भीत भीत विचारलं.

"रखिए। और पता मेरे घर का लिखिए। मेरा बरामदा खाली है।"

मशीन आलं. दुपारभर काकांच्या व्हरांड्यात त्याची घरघर चालते. झोप होत नाही म्हणून काका कुरकुरतात, आणि ताई सुट्टी घेतात त्या दिवशी तर त्यांचा डोळाच लागत नाही.

यंदा काकांचे गुडघे गेले. मी त्यांची इतकी टिंगल केली, पण त्यांच्यावाचून मला सदरचा बाजार ओका ओका वाटतो. परवा शेंगदाणेवालाच फाटकाशी आला. "बाबूजी, बैंक कब चलेंगे?"

काकांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. थोडे उचलले गेले, पुन्हा बसले.

"चेष्टा कर रहे हैं, भैया," ते म्हणाले. "पूरी चेष्टा।"

कोणी हसलं नाही. शोभाताईंनी मशीन थांबवलं आणि उठून त्यांना हात दिला.